बटाटा मागितला, रताळं मिळालं

आज इतिहासाच्या तासाला आपल्याला सातासमुद्रापार जायचं आहे, पण निघायचं आहे ते घरातल्या कांद्या-बटाट्याच्या टोपलीपासून.

बटाटा हा शब्द मुळातला आपला नाही, हे पुष्कळ जणींना ठाऊक असेल. मिरची जशी पोर्तुगिजांबरोबर गोव्याच्या वाटेनं आली, तसाच हा शब्दही त्यांच्याकडून आला. पण तो पोर्तुगिजांचाही नव्हे. कॅरिबियन समुद्रातल्या बेटांवर ताइनो नावाचे लोक राहत. ‘बाताता’ हा शब्द त्यांचा, आणि त्याचा अर्थ होता रताळं. आपण ज्याला बटाटा म्हणतो तो त्या बेटांवर पिकतच नव्हता. तो पिकायचा दूर दक्षिणेला, अँडीज पर्वतात, आणि तिथले केचुआ बोलणारे शेतकरी त्याला ‘पापा’ म्हणत. स्पेनच्या लोकांनी दोन्ही कंद पाहिले, दोन्ही नावं ऐकली आणि पुढे घोळ घातला. त्यातून स्पेनमध्ये ‘पाताता’ तयार झाला. म्हणून आजही कोणी अर्जेंटिनाच्या बाजारात जाऊन ‘बाताता द्या’ म्हटलं, तर हाती रताळं पडतं. बटाटा हवा असेल तर ‘पापा’ म्हणायचं. तेच रताळं मेक्सिकोत ‘कामोते’ आणि क्युबात ‘बोनियातो’. भाषा मात्र सगळीकडे एकच, स्पॅनिश!

सुमारे वीस देशांची ही राज्यभाषा. एवढी पसरली कशी? १४९२ साली कोलंबसाची गलबतं स्पेनहून निघाली, वाटेत कॅनरी बेटांवर थांबली आणि कॅरिबियन बेटांना लागली. त्याच वर्षी नेब्रिखा नावाच्या पंडितानं या भाषेचं पहिलं व्याकरण छापून राणी इसाबेलाला अर्पण केलं, आणि भाषा व साम्राज्य जोडीनं चालतात असं प्रस्तावनेत तिला सांगितलं. पंडिताचं म्हणणं राणीपुरतं खरं ठरलं. पण गलबतातून भाषा घेऊन गेले ते पंडित नव्हते, ते खलाशी होते, शिपाई होते, दक्षिण स्पेनमधली गरीब माणसं होती. आणि ज्या घरांत ती भाषा शिरली, तिथल्या चुलीपुढे बसलेल्या बाया केचुआ, नाहुआत्ल, माया, आयमारा बोलत होत्या. मुलं त्यांच्या मांडीवर वाढली. शब्द स्पेनचा असला तरी त्याचा अर्थ घरोघरी वेगळा मुरला, तो तिथे.

‘ग्वाग्वा’ घ्या. क्युबा, पोर्तो रिको आणि कॅनरी बेटांवर ग्वाग्वा म्हणजे बस. चिली, पेरू, बोलिव्हियात ग्वाग्वा म्हणजे तान्हं बाळ, कारण केचुआ भाषेत बाळाला ‘वावा’ म्हणतात. आता क्युबाची बाई चिलीत जाऊन म्हणाली, की ‘ग्वाग्वा भरून गेली होती, म्हणून मी दुसरी पकडली’, तर ऐकणारीनं काय समजायचं? याच्या जोडीला ‘पकडणे’ या अर्थाचं एक क्रियापद स्पेनमध्ये लेकरंसुद्धा दिवसभर वापरतात, आणि मेक्सिको-अर्जेंटिनात ते चारचौघांत तोंडातून काढायची सोय नाही. ते आम्ही इथे सांगत नाही. रेडिओ घरात सगळे ऐकतात.

आता भाकरीकडे येऊ. मेक्सिकोत मका हेच अन्न. तिथल्या बाया मका चुन्याच्या पाण्यात उकडतात, रात्रभर भिजू देतात, सकाळी धुऊन दगडी पाट्यावर वाटतात आणि त्या पिठाची पातळ भाकरी तव्यावर भाजतात. या भाकरीला नाहुआत्ल भाषेत ‘त्लाश्काली’ म्हणतात. स्पेनच्या शिपायांना ते नाव उच्चारेना. त्यांनी आपल्याकडच्या ‘तोर्ता’ या गोल, चपट्या पदार्थावरून तिला ‘तोर्तिया’, म्हणजे छोटी तोर्ता, म्हटलं आणि तेच नाव रुळलं. स्पेनमध्ये मात्र तोर्तिया म्हणजे अंड्याचा जाड पोळा, बहुधा बटाटा घातलेला. आणि नुसती ‘तोर्ता’ मागाल तर मेक्सिकोत भरलेला पाव मिळेल, अर्जेंटिनात वाढदिवसाचा केक, आणि स्पेनमध्ये कोणी ‘तोर्ता देईन’ म्हणालं तर गालावर चापट!

हसण्यावारी नेण्यासारखं आहे, पण यातली एक गोष्ट हसण्यासारखी नाही. स्पेननं मक्याचं दाणं नेलं, नावही नेलं. चुन्याची रीत नेली नाही, कारण ती बायांच्या हातातली रीत होती आणि ती कोणी विचारलीच नाही. चुन्यानं मक्यातलं एक जीवनसत्त्व मोकळं होतं आणि अंगी लागतं. नुसत्या मक्यावर जगणाऱ्या गरिबांना ते मिळेना. १७३५ साली स्पेनच्या आस्तुरियास भागात गास्पार कासाल नावाच्या वैद्यानं अशा शेतकऱ्यांच्या अंगावर लालभडक चट्टे पाहिले आणि त्या आजाराची नोंद केली. तिथले लोक त्याला ‘गुलाबाचा रोग’ म्हणत. पुढे त्याचं नाव पेलाग्रा पडलं, आणि इटलीपासून अमेरिकेपर्यंत त्यानं लाखो माणसं पछाडली. मेक्सिकोत मकाच खाणाऱ्या बायापोरांना तो सहसा झाला नाही.

बाजारातले शब्द आम्हाला सगळ्यांत गोड वाटले. भाजी घेऊन झाल्यावर आपण ‘वर थोडी कोथिंबीर घाल की’ म्हणतो ना, त्या वरच्या भरीला पेरू-बोलिव्हियात ‘यापा’ म्हणतात. हाही केचुआ शब्द, अर्थ ‘वाढीव’. तो कॅरिबियन बेटांवर पोचला तेव्हा ‘न्यापा’ झाला. मेक्सिकोत त्यालाच ‘पिलोन’ म्हणतात. पिलोन म्हणजे मुळात साखरेची ढेप. आणि मेक्सिकोच्या बाजारात विकणारीही ‘मार्चांता’, घेणारीही ‘मार्चांता’. दोघी एकमेकींना एकाच नावानं हाक मारतात. स्पेनमध्ये ही हाक ऐकू यायची नाही.

‘आओरिता’ हा शब्द ‘आत्ता’ला लाडानं छोटं केल्यासारखा. मेक्सिकोत ‘आओरिता येते’ म्हणजे आत्ताच, किंवा तासाभरानं, किंवा येईल तेव्हा खरं. पोर्तो रिकोत आओरिता म्हणजे सरळ ‘नंतर’. निरोप घेऊन जाणाऱ्यानं कोणत्या गावचा आओरिता आहे ते आधी विचारावं.

दुखण्याखुपण्यात मात्र असा फरक जड जातो. स्पेनची बाई औषधाच्या दुकानात ‘मी कोन्स्तिपादा आहे’ म्हणाली, तर तिला सर्दी झालेली असते. मेक्सिकोची बाई तेच म्हणाली, तर तिचं पोट साफ होत नसतं. आणि ‘आलिव्यारसे’ ऐका. मूळ अर्थ बरं वाटणं, भार हलका होणं. मेक्सिकोच्या खेड्यांत ‘ती आलिव्यो झाली’ असं म्हटलं की शेजारणी बाळंतविडा घेऊन निघतात. म्हणजे आपण म्हणतो तसंच, ‘तिची सुटका झाली’. आजारपणाचा शब्द बाळंतपणाला का लावला असेल, हे पोरं झालेल्या बाईला समजावून सांगावं लागत नाही. माद्रिदच्या दवाखान्यात मात्र हेच वाक्य ऐकून डॉक्टर म्हणतील, बरं झालं, ताप उतरला.

सुईणीला तर स्पॅनिशमध्ये तीन-चार नावं, आणि नावानुसार तिची पायरी बदलते. स्पेनमध्ये ‘कोमाद्रोना’ म्हणजे परिचर्या शिकून वर प्रसूतीचं खास शिक्षण घेतलेली, पगारी बाई. ग्वाटेमालात कोमाद्रोना म्हणजे माया भाषा बोलणारी गावातली सुईण. ती पोट चोळून बाळाची बाजू बघते, बाळंतिणीला वाफेचं स्नान घालते, अडलं तर रात्री डोंगर उतरते. चिलीत ‘मात्रोना’ म्हणतात, आणि तिथे १८३४ पासून या कामाची शाळा आहे, आता ते विद्यापीठाचं शिक्षण आहे. आणखी कुठे नुसतंच ‘पार्तेरा’. काम एकच, बाळ सुखरूप हातात घेणं. पण स्पेनची कोमाद्रोना आणि ग्वाटेमालाची कोमाद्रोना एकाच दवाखान्याच्या दारात उभ्या राहिल्या, तर एकीला आत बोलावतील आणि दुसरीला बाहेर बसवतील. ‘कोमाद्रे’ या मूळ शब्दाचा अर्थ ‘सह-आई’ असा आहे, हे दारावरच्या माणसाला कोण सांगणार?

आता मानापानाचे शब्द. आपल्याला तू, तुम्ही, आपण यांतला फरक लहानपणापासून कळतो. नवऱ्याला ‘अहो’ आणि बायकोला ‘अगं’, हेही कळतं. कोलंबसाच्या वेळी स्पॅनिशमध्ये ‘तू’ होता (होय, अगदी आपल्यासारखाच तू) आणि मोठ्यांसाठी ‘वोस’ होता. पुढे बड्या लोकांना ‘वोस’ही कमी वाटू लागला. ते स्वतःला ‘वुएस्त्रा मेर्सेद’, म्हणजे ‘आपली कृपा’, असं म्हणवून घेऊ लागले. बोलता बोलता तो लांबलचक मान झिजला आणि ‘उस्तेद’ झाला. वोसची किंमत उतरली. मेक्सिको आणि लिमा ही राजप्रतिनिधींची शहरं, तिथे माद्रिदची फॅशन लगेच पोचायची, म्हणून तिथून वोस गेला. ब्वेनोस आइरेस तेव्हा कोपऱ्यातलं बंदर होतं, मध्य अमेरिकाही आडबाजूला. तिथे वोस टिकला. म्हणजे एका काळी सरदारांना लावायचा शब्द आज अर्जेंटिनात मैत्रिणी एकमेकींना लावतात. शाळेतल्या मास्तरांनी ‘वोस नको, तू म्हणा’ असं पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं. पोरं वर्गात तू म्हणायची, मैदानात वोस. शेवटी १९८२ साली अर्जेंटिनाच्या भाषा अकादमीनं वोसला रीतसर मान्यता दिली. आमच्या मते तिनं मान्यता दिली म्हणण्यापेक्षा हार मानली.

कोलंबियाच्या डोंगराळ भागात, बोयाका प्रांतात, याहून गमतीचं घडलं. तिथे ‘सुमेर्से’ म्हणतात. मूळ ‘सू मेर्सेद’, ‘त्यांची कृपा’. ज्या शब्दानं गडी-मोलकरणी मालकापुढे वाकायचे, त्याच शब्दानं आज तिथली आई लेकराला विचारते, ‘सुमेर्से, भाकर खाणार का?’ त्याच भागात आणि कोस्ता रिकात नवरा-बायको एकमेकांना आदरार्थी ‘उस्तेद’ म्हणतात, पोटच्या पोरालाही उस्तेद, कुत्र्यालासुद्धा. स्पेनच्या माणसाला वाटतं, यांचं भांडण झालंय की काय!

पण सगळेच शब्द असे खालून वर चढले नाहीत. १५१९ साली ताबास्कोच्या किनाऱ्यावर लढाई हरलेल्या लोकांनी स्पेनच्या कोर्तेसला वीस बाया भेट म्हणून दिल्या. त्यांतली एक मालिन्त्सिन. नावातला ‘त्सिन’ हा मानाचा, आपल्याकडच्या ‘बाई’सारखा. तिच्याच काळातल्या बेर्नाल दियास या शिपायानं पुढे लिहिलं, की तिला लहानपणी घरच्यांनीच परक्यांच्या हाती दिलं होतं. तिला नाहुआत्ल आणि माया या दोन्ही भाषा येत होत्या, स्पॅनिश ती नंतर शिकली. कोर्तेस आणि अॅझ्टेक राजा यांच्यातली बोलणी तिच्या तोंडून झाली. बेर्नाल तिला नेहमी आदरानं ‘दोन्या मारीना’ म्हणतो. स्पेनच्या लोकांच्या तोंडी तिच्या मूळ नावाचं ‘मालिंचे’ झालं. आज मेक्सिकोत ‘मालिंचिस्ता’ ही शिवी आहे. आपलं सोडून परक्यांचं कौतुक करणारा, फितूर वृत्तीचा माणूस. जिला घरच्यांनी दिलं, मग हरलेल्यांनी दिलं, तिच्याच नावाची फितुरी! मेक्सिकोतल्या बाया आता हा हिशेब नव्यानं मांडायला लागल्या आहेत. आणि तिथून दक्षिणेला निकाराग्वात ‘मालिंचे’ म्हटलं की लोक वर बघतात. तिथे मालिंचे हे एका झाडाचं नाव. उन्हाळ्यात लालभडक फुलणारं, मूळ मादागास्करचं. आपल्या शाळांच्या आणि एस.टी. स्टँडच्या बाहेर असतं तेच. गुलमोहर.

एका शब्दात तर आपलंच नाव अडकलंय. कोलंबसाला वाटलं आपण हिंदुस्थानाकडे पोचलो, म्हणून त्यानं तिथल्या माणसांना ‘इंदिओ’ म्हटलं. चूक त्याची, पण नाव पाचशे वर्षं त्या लोकांना चिकटलं आणि पुढे त्याचा अर्थ अडाणी, गावंढळ असा झाला. पेरू देशात २४ जून हा ‘इंदिओंचा दिवस’ पाळत. १९६९ साली जमीनदारांच्या जमिनी कुळांना देण्याचा कायदा त्याच दिवशी जाहीर झाला, आणि दिवसाचं नाव बदलून ‘काम्पेसिनोंचा दिवस’ ठेवलं. काम्पेसिनो म्हणजे शेतकरी. जमिनीबरोबर नाव बदलून मिळालं, तेव्हा ते काही जणांना पटलं, काहींना वाटलं की इंदिओबरोबर आपली ओळखही पुसली. हा वाद तिथे अजून चालू आहे.

शेवटी एक कपड्याचा शब्द. ‘पोयेरा’. मूळ अर्थ, कोंबडीची पिल्लं ठेवायचं डालगं, वर निमुळतं, खाली घेरदार. त्या आकारावरून घागऱ्याला पोयेरा म्हणू लागले. आज स्पेनमध्ये घागऱ्याला ‘फाल्दा’ म्हणतात. अर्जेंटिनात पोयेरा म्हणजे कोणताही स्कर्ट, शाळेच्या मुलीचा, कचेरीतल्या बाईचा. पनामात पोयेरा म्हणजे सणाचा, पांढऱ्या कापडावर भरतकाम केलेला देशाचा मानाचा पोशाख. आणि बोलिव्हियात? तिथे पोयेरा म्हणजे एकावर एक चढवलेले घेरदार घागरे, वर शाल, गोल टोपी, दोन लांब वेण्या. आणि ‘पोयेरावाली’ म्हटलं की आयमारा घरातली, बाजारात विकणारी, दुसऱ्याच्या घरी रांधणारी बाई. कित्येक आयांनी लेकींना शाळेत घालताना पोयेरा सोडून फ्रॉक घातला. ‘पोयेरावाली’ आणि ‘फ्रॉकवाली’, अशा दोन जातीच जणू पडल्या.

१९३५ साली ला पाझ शहरात हुकूम निघाला, की स्वयंपाकिणींनी ट्राममध्ये चढायचं नाही. कारण काय, तर त्यांच्या भाजीच्या टोपल्या लागून बड्या बायांचे पायमोजे फाटतात. बाजार करून, ओझं घेऊन, वेळेत मालकिणीच्या घरी पोचायचं कसं? या बाया एकत्र आल्या, मोर्चानं गेल्या आणि त्यांनी आपली संघटना काढली. पेत्रोनिला इन्फांतेस ही त्यांची पुढारी. संघटनेला नाव देताना त्यांनी घरगड्यांसाठीचा शब्द घेतला नाही. ‘कुलिनारियास’ घेतला, पाककलेच्या जाणकार बाया. आठ तासांचा दिवस, रविवारची सुट्टी आणि मुलांसाठी पाळणाघर या मागण्यांबरोबर ‘रांधणं हा व्यवसाय माना’ ही मागणीही त्यांनी लावून धरली.

पुढे १९८९ साली रेमेदिओस लोसा ही बाई बोलिव्हियाच्या संसदेत निवडून आली. लोक तिला आधी ओळखत होते ते रेडिओवरच्या आवाजानं आणि मग टीव्हीवरच्या चेहऱ्यानं. पोयेरा घालून संसदेत बसणारी ती पहिली. १९९७ मध्ये ती राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवार म्हणून उभी राहिली, तेव्हाही पोयेरा, शाल आणि टोपी याच वेषात.